मंजूर भार

एसी अजून खोक्यातच आहे.
सुभान तडवी म्हणाला, आधी घर बघू,
मग त्याला बाहेर काढा.

भुसावळचा एप्रिल. रात्री अकरालाही भिंतीला पाठ टेकवत नाही,
आणि चारू येणार बाळंतपणाला,
ऐन मे महिन्यात.

बिल मी वाचत नाही, आकडा बघून भरते.
त्यानं कोपऱ्यातल्या बारीक अक्षरांवर बोट ठेवलं:
मंजूर भार, अर्धा किलोवॅट.
गच्चीवरून दीपनगरची धुरांडी दिसतात.
वीज तिथं होते, सायकलनं जाता येईल इतक्यावर,
आणि माझ्या नावानं एवढीशी.

"आता सगळं लावा काकू. एकदम."
कूलर, फ्रिज, पाण्याची मोटार, इस्त्री,
मिक्सरसुद्धा, रिकामाच.
साखरपुड्यानंतर इतका गलबला या घरात पहिल्यांदा.
त्यानं वायरीला चिमटा लावला
आणि तळहातावर पेनानं लिहिलं: बारा.
"एसी धरून वीस. वायर पंधराची."

मग फ्यूज उपसला.
आत तार नव्हती, पीळ होता.
सहा पदर. त्यानं मोजले.
"हा कोणी बांधला?"

यांनी.
चारूची बारावी होती, रोज रात्री फ्यूज उडायचा.
हे स्टुलावर चढले, टॉर्च मी धरली.
"आता उडणार नाही," म्हणाले.
नाही उडाला. अकरा वर्षं.
ते गेले, तरी नाही.

सुभान पीळ उलगडत राहिला, माझ्याकडे न बघता.
"सांगू राह्यलो काकू, राग नका मानू.
फ्यूज उडालाच पाहिजे, त्याचं कामच ते.
हा उडला नसता. आधी भिंत पेटली असती."

बोर्डाच्या वर एक तपकिरी डाग आहे.
दर दिवाळीला चुना लावते, दर होळीला परत येतो.
ओल समजत होते मी.
भुसावळात, ओल!

मीटरपासून नवी वायर, एसीला वेगळी लाइन,
अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ-कोळसा,
आणि भार वाढवायचा अर्ज, सही माझी.
तोवर त्यानं एकच पदर बांधून दिला, केसाएवढा.
"इस्त्री आणि मोटार सोबत लावू नका."

रात्री विसरले.
टप्प.

अंधारात बसून राहिले.
टॉर्च कुठं असते ते माहीत होतं, उठले नाही लगेच.
इस्त्री गरमच होती अजून;
ब्लाउजची एक बाही राहिली होती,
ती हातानं चाचपून करून घेतली.