सर्व करांसहित

सेलूला, तहसीलच्या भिंतीला टेकून माझं केंद्र:
एक काउंटर, एक प्रिंटर, फुगलेली बॅटरी,
आणि अंगठा ठेवायची बोटभर काच.

धुरपताबाई गायसमुद्रे.
वय त्रेसष्ट, आधारवर सत्तावन्न.
स्टँडसमोरच्या लॉजवर भांडी घासते, महिना दोन हजार.
"निराधारचा अर्ज टाक, बाबू."

दोन हजार गुणिले बारा, चोवीस.
मर्यादा एकवीसची.
म्हणजे तुम्ही तीन हजारांनी श्रीमंत आहात, माय,
आजवर कुणी सांगितलं नाही का?

ती हसली नाही.
"उन्हाळ्यात पाणी नसलं की लॉज बंद.
दोन महिने पगार न्हाई. ते धर की."
ते धरलं. वीस झाले.
शासनाला तिची गरिबी पटावी
एवढा तरी उपयोग झाला टंचाईचा.

मधेच दाजीसाहेब आले. त्यांना रांग लागत नाही.
बायपासला तीन ले-आउट, परभणीत मंगल कार्यालय,
आणि कागदावर नुसती हळद.
दोन एकरांत एवढी हळद,
की सबंध जिल्ह्याची लग्नं लागावीत.
शेतीचं उत्पन्न, त्याला कर नाही.
"अन् कर नाही त्याला डर कशाला," तेच म्हणाले,
आणि जाताना सगळ्यांना चहा सांगून गेले.
धुरपताबाईलासुद्धा.

"मला बी कर न्हाई ना रे?"
तुम्हाला कसला कर, मी म्हणालो,
आणि तिच्या पिशवीतून डोकावणारी
भांड्यांच्या साबणाची वडी दिसली.
लॉजवाला साबण देत नाही. हिची हीच आणते,
आठवड्याला तीन.
वेष्टनावर बारीक अक्षरांत:
किंमत दहा रुपये, सर्व करांसहित.

शाळेत संस्कृतच्या बाई सांगायच्या,
कर म्हणजे हात.
सर्व करांसहित.
हिचे दोनच होते.

ठेवा अंगठा.
पुन्हा ठेवा.
पदराला पुसून. थुंकी लावून. आता डावा.
ठसा जुळत नाही, म्हणे.
वडी झिजते तशा रेषाही झिजल्या असतील,
थोड्या थोड्या, रोज.
दुकानात दहाची नोट देताना
अंगठा कुणीच मागितला नव्हता.

सोमवारी या, मी म्हणालो.
सोमवारी काय होणार ते मला माहीत नाही.
पावती तेहतीस रुपये साठ पैशांची.
सुट्टे नव्हते. पस्तीस घेतले.

तिनं चहाचा पेला माठाच्या पाण्यानं विसळला,
सवयीनं, आणि माझाही विसळला,
पालथे घालून गेली.

पुढचा नंबर, म्हणून मी काच पुसायला घेतली.
पुसण्यासारखं काही नव्हतं.
नुसता साबणाचा वास.