उलटी पिन

दारूखान्यातून नऊला निघालेलं लेथ मशीन
खैराणी रोडला पोचलं दीड वाजता.
सव्वा टन. नावाची पट्टी कुणीतरी उपटलेली.
उस्मान मुकादमाने त्याच्याभोवती एक फेरी मारली,
म्हैस पारखावी तशी,
आणि चपला काढून ठेवल्या.
"सहा पाइप द्या. सगळे एका जाडीचे."

गल्ली साडेचार फूट.
कुंदा घाडींनी पाण्याचं पिंप उचललं,
आपलं शिवणाचं मशीन आत ओढलं.
पहारीने इंच, पाइपावर वीत,
मागचा पाइप पुढे,
पुन्हा मागचा पुढे.
ओरडणारं कुणी नाही. फक्त उस्मानभाई, हलकेच:
येऊ दे. येऊ दे. बास.

गाळ्याच्या दारात अडलं.
बेड मी दोनदा मोजला होता,
बाहेर आलेलं हातचाक मोजायचं राहिलं.
चाळीस वर्षं टर्नर.
कुणी हसलं नाही, तेच लागलं.

चाक उतरवायचं तर पिन काढायला हवी.
डिझेल सोडलं, ठोकलं,
हातोड्याचा दांडा हलला, पिन नाही.
मग सहज, दुसऱ्या बाजूने एक टोला,
आणि ती लोण्यातून निघावी तशी बाहेर.

भांडुपच्या कारखान्यात, शिकाऊ असताना,
अशीच एक पिन मी उलटी ठोकली होती.
परेरा फोरमन म्हणाले होते,
"राहू दे आता. काढणारा शिव्या घालेल तुला."

घातल्या नाहीत.

संध्याकाळी पाणसळ ठेवून पाय समतल केले,
चाक परत चढवलं.
उस्मानभाई दिव्याखाली नोटा मोजत होते.
भोक सरळ करून घेता आलं असतं.
उलटीच बसवली.