शाईचं पाणी

कोलेबुगूची मशीद मातीची आहे.
दर पावसाळ्यात ती थोडी थोडी नदीला जाते,
आणि दर उन्हाळ्यात, बानीचं पात्र आटलं की,
आम्ही तिला डोक्यावरून परत आणतो.

मी नऊ वर्षांचा होतो. माझ्याइतक्या आयती
गावातल्या कुठल्याच पोराला पाठ नव्हत्या.
लाकडी पाटीवर बोरूनं लिहायचं, घोकायचं,
मग पाटी धुवायची. ते काळपट पाणी
मोदिबो ओंजळीत देत: पी, सांडू नकोस.
जिभेवर काजळी आणि डिंक.

दुसरी पाटी वेताची. ती बाबांनी दिली.
बारेमा गवंडी, बोलायला कंजूस.
पूर्वेची भिंत, गुडघ्यापासून कमरेपर्यंत,
दोन हात रुंद:
"ही तुझी."

चिखल आधी कुजवावा लागतो.
काठची माती, भाताचं तूस, पाणी,
आणि वीस दिवस पाय.
वास असा की मांजरंसुद्धा वाट बदलतात.
पेंदा, माझी बहीण, पहाटेपासून पाणी वाही;
घागरीखाली तिच्या डोक्यावर
बोराएवढं टक्कल पडलं होतं.

मी चार दिवस तुडवलं.
पाचव्या दिवशी युक्ती सुचली.
पाटी धुतली, पाणी प्यायलो नाही,
माझ्या वाट्याच्या चिखलात ओतलं. अख्खी सूरा.
ज्या चिखलात खुद्द शब्द मुरलेत
त्याला माझ्या टाचांची काय गरज?
उरलेले पंधरा दिवस चिंचेखाली बसून
भिंतीसाठी दुआ मागितली.
मनापासून मागितली, हे खोटं नाही.

बाबांनी पाहिलं होतं. काही बोलले नाहीत.

लिंपणाच्या दिवशी ढोल, धूळ, पोरांच्या रांगा,
ताडाच्या खुंट्यांवर लोंबकळणारे गवंडी,
आणि मी, माझ्या दोन हात भिंतीवर
तळव्यानं गिलावा फिरवत.
दिसायला माझाच तुकडा सगळ्यांत गुळगुळीत.

ऑगस्टात एका रात्री पाणी तिरपं आलं.
सकाळी माझा तुकडा जमिनीवर, पोपडे होऊन.
आत तूस तसंच पिवळं, कोरडं,
काल टाकल्यासारखं.
शेजारचा तुकडा तसूभर हलला नव्हता.

वाटलं, बाबा रागावतील,
निदान रात्री जाऊन गुपचूप बुजवतील.
ते त्या भगदाडासमोरून रोज पाच वेळा गेले.
मीही गेलो. वर्षभर.

मोदिबोंना विचारलं, शब्द कमी पडले का?
म्हणाले, "मला भिंतीतलं कळत नाही. बापाला विचार."
बापाला विचारलं.
म्हणाले, "मला शब्दांतलं कळत नाही. मोदिबोंना विचार."

पुढच्या उन्हाळ्यात मी पुन्हा पाटी धुतली.
बाबा कडेला बसून खुंट्या तासत होते.
"ओतलंस?"
"ओतलं."
"मग उतर आत."

टाचा फुटल्या, नखं पिवळी झाली,
जेवताना पेंदा माझ्यापासून लांब बसू लागली.
आणि तरी त्या पावसात एका कोपऱ्याला भेग गेलीच,
करंगळीएवढी. पाणी जास्त झालं होतं.
बाबांनी तिच्यात नख घालून पाहिलं,
मातीचा कण जिभेवर ठेवला,
आणि पेंदाला म्हणाले,
"त्या गवंड्याला जेवायला बोलाव."

आता ती भिंत दिकोरेची, माझ्या मुलीची.
काल मांडीपर्यंत चिखलात उभी राहून तिनं विचारलं,
"घर त्याचंच आहे ना?
मग तो का नाही येत तुडवायला?"
उत्तर देता आलं असतं. मोदिबोंच्या तालमीतला मी,
उत्तरं पुष्कळ.
पण ऊन चढत होतं,
कडेचा चिखल पांढरा पडू लागला होता.
म्हटलं, "पाटी आण."

"कुठली?" ती ओरडली,
आणि माझं ऐकायला न थांबता
हाताशी होती ती घेऊन आली.