दर शंभर ग्रॅममध्ये

खडेबाजारच्या छापखान्यात कटिंग मशीनच्या मागं माझं टेबल.
डब्यांवरचं बारीक अक्षर माझ्या वाट्याला.
जे कुणी वाचत नाही
त्यातल्या चुका मी शोधते, बावीस वर्षं झाली.

मंगळवारी गुरुपाद हुक्केरी आला.
उद्यमबागेत त्याचा आइस्क्रीमचा कारखाना.
"अक्का, नवीन माल. लो फॅट.
वर कन्नड, खाली इंग्रजी हाय,
पण निपाणी, चंदगडकडं जाणाऱ्या डब्यांना
मराठी पट्टी पाहिजे बघा. तेवढी तुम्हीच घाला की."

ऊर्जा एकशेतीस.
प्रथिनं चार.
कर्बोदकं तेवीस, पैकी साखर अठरा.
ही ओळ त्याला जमलं तर घडीच्या आत हवी होती.
आणि टपोऱ्या हिरव्या अक्षरात, पानाची नक्षी काढून,
फॅट फक्त २.४.

फॅटला काय लिहू?
कन्नड पट्टीवर कोब्बु होतं.
शाईच्या हातांनी सिद्राय हसला,
"आमच्यात कोब्बु आलाय म्हणजे माज आलाय."
आमच्यातही तसंच रे, मी म्हटलं,
चरबी चढते ती आधी बोलण्यात दिसते.
म्हणून चरबी खोडली.
स्निग्धांश लिहिलं.
मग उगाच जुना कोश उघडला.
स्नेह: तेल, तूप, लोणी. माया.
एका शब्दाला एकच रकाना,
आणि त्यात दोन पॉइंट चार.

घटकांवर आले.
पाणी, साय काढलेल्या दुधाची पावडर, साखर,
माल्टोडेक्स्ट्रिन, कसंही लिहा, दाताला चिकटतंच.
स्थिरक ४१२. हे काय?
"गवारीच्या बियांचं पीठ."
गवार! आठवड्यातून दोनदा कूट घालून खातो ती,
इथं आकडा पांघरून बसलेली.
४०७ समुद्रातलं शेवाळ,
चोर्ल्याचा घाट चढून आलं असेल बिचारं.
आणि ४७१?
गुरुपाद जरा थांबला.
"ती पण चरबीच, अक्का. पण चिमूटभर.
पाण्याचं आणि सायीचं भांडण सोडवती."
मी चष्मा पुसला.
असल्या चिमटीला आमच्या गावात गिऱ्हाईक पुष्कळ.

आणि हवा? अर्धा डबा फेसच की. ती कुठं लिहू?
"हवा घटकात धरत न्हाईत.
म्हणून तर लिटरात विकतो."

जाताना त्यानं एक कप दिला. व्हॅनिला.
भुजंगसाठी घरी नेला.
माझा भाऊ. छातीत दोन स्प्रिंगा घालून तीन महिने झाले.
एके काळी पाव किलो कुंदा उभ्याउभ्या संपवून
कागद चाटणारा माणूस,
आता तेलाचे थेंब मोजतो, ड्रॉपरनं घातल्यासारखे.

त्यानं आधी कप फिरवून वाचला.
मग लाकडी चमच्यानं कडेकडेनं खाल्लं.
"गार आहे," म्हणाला.
थोड्या वेळानं म्हणाला, "गोड आहे."
मग बराच वेळ काहीच नाही.

"काढलेली साय कुठं जाते गं?"

मला ठाऊक होतं.
गुरुपादनंच सांगितलं होतं, दार ओलांडता ओलांडता:
सकाळी सातला दोन कॅन जातात शहापूरला,
कुंदावाल्याच्या कढईत.

"फेकत असतील," मी म्हटलं.
तो हसला. त्याला खोटं लगेच कळतं,
लहानपणापासून.

रात्री अकराला आठवलं,
मराठी पट्टीत २.४ मधलं टिंब
मी बघितलंच नव्हतं.
सिद्रायला फोन केला. तो झोपेत, मी प्रूफ उजेडात धरून.
टिंब नव्हतं.
चोवीस ग्रॅम स्नेह, हिरव्या टपोऱ्या अक्षरात,
नक्षीसकट.

थोडा वेळ तसाच राहू दिला तो आकडा.
शेजारच्या खोलीत
भुजंग रिकाम्या कपात चमचा फिरवत होता.
मग पेन उघडलं
आणि मोहरीएवढं टिंब परत बसवलं.