टोक

पहिल्या दिवशी टेपगन हातात आली
ती मी उलटीच धरली.
लाल मूठ, पुढे करवतीचे दात,
पाठीवर रिळाचं चाक.
इरेश हसला नाही, हे त्याचं मोठेपण.
बावीस वर्षांचा पोरगा. माझी धाकटी त्याच्याहून मोठी.
म्हणाला, "अक्का, इस्त्री समजा.
टेकवा आणि ओढा."

इस्त्री माझ्या घरात नाही, तरी समजलं.

अक्कलकोट रोडवरचा टॉवेलचा कारखाना.
मे महिन्यात पत्र्याखाली
टेपच्या डिंकालासुद्धा घाम फुटतो.
मी टेकवलं. ओढलं.
टेप अशी किंचाळली
की गन टाकून मी दोन्ही कान धरले.
पलीकडच्या टेबलावरून शहनाज म्हणाली,
"घाबरू नका, ती रोजच रडते."

तीस वर्षं विड्या वळल्या मी.
त्या कामाला आवाज नव्हता.
मांडीवर सूप, भिजलेलं पान, चिमूट तंबाखू,
दोऱ्याचे दोन वेढे,
आवाज असलाच तर आमच्या बोलण्याचा.
संध्याकाळी चेकर मूठभर छाट काढायचा,
का, ते सांगायचा नाही.
मग छाती वाजायला लागली.
डॉक्टरांनी विचारलं, "किती ओढता?"
म्हटलं, आयुष्यात ओढली नाही हो,
नुसती वळली.

आणि आता हा पोरगा म्हणतो, ओढा.

पहिल्या खोक्यावर सुरकुत्याच सुरकुत्या.
दुसऱ्याला अंगठा दातांवर गेला.
तिसऱ्याला टेप टेपलाच चिकटली,
मग बांगड्यांना, मग पदराला,
खोकं सोडून सगळ्याला.
इरेशनं कात्रीनं मला सोडवलं.
"आधी चार बोटं पट्टी खोक्याच्या अंगावर दाबा.
मूठ आपल्याकडे आणा. शेवटी मनगट खाली मोडा.
हिसका द्यायचा नाही, ती आपली आपण तुटते.
मेल्लगा, अक्का, मेल्लगा."
ते एवढं तेलुगूत बोलला
आणि सकाळपासून पहिल्यांदा मला नीट ऐकू आलं.

ताणाची चकती मात्र मला कुणी शिकवली नाही.
घट्ट केली तर रीळ फिरत नाही,
सैल केली तर टेप लोंबते.
विडीचा दोराही असाच.
आवळला तर धूर येत नाही,
सोडला तर पान उलगडतं.
मी चकती अर्धा आटा मागे घेतली,
कुणाला बोलले नाही.

बुधवारी गुवाहाटीचा ट्रक दारात उभा,
ड्रायव्हर हॉर्नवर हात ठेवूनच बसलेला,
आणि टेपचं टोक हरवलं.
रिळावरच होतं कुठंतरी, पण दिसेना.
इरेशनं रीळ ट्यूबलाइटखाली फिरवलं,
ब्लेडनं चार ठिकाणी खरवडलं,
चिलवेरीशेठ स्वतः येऊन ओरडून गेले.
मी म्हटलं, आण इकडे.
डोळे मिटले.
अंगठ्याचं हे नख
विड्यांची तोंडं मिटून मिटून शिंगासारखं झालंय.
ते ठेवलं रिळावर, हळू फिरवत गेले,
अन् एका जागी लागली ती कड,
झोपलेल्या पोराच्या पापणीएवढी.

उचलली.

आता तिन्ही टेबलांवरून हाक येते,
"बालामणीअक्का, टोक!"
ब्लेड खिळ्याला लटकलंय.
हाताला तंबाखूचा वास येत नाही,
डिंकाचा येतो; नातवाला तो आवडतो.

अजून माझी शेवटची पट्टी तिरकी जाते.
इरेश म्हणतो, "जाऊ द्या, गुवाहाटीत कोण बघतंय?"
मी बघते.
इथं चेकर नाही,
म्हणून मीच छाट काढते,
आणि तिरक्या पट्टीवर
दुसरी सरळ लावते,
शेठ जेवायला गेल्यावर.