खांद्यात आवळतंय

बो-कापच्या चढावर, माझ्या खालच्या मजल्यावर
तौगीदा आँटी राहते.
चाळीस वर्षं लग्नाचे सूट शिवून आता निवृत्त.
तिला मी माझी कादंबरी वाचायला दिली,
तीनशे बारा पानं, दोरीनं बांधलेली.

तिनं समासात पेन नाही चालवलं.
शिंप्याचा निळा खडू.
पान उलटताना बोटांना लागायचा.

पहिली खूण नावावर.
"झार-अल-काझूम? हे नाव आहे की शिंक?
याची आई याला जेवायला काय म्हणून हाक मारायची?"
मला माहीत नव्हतं.
त्याला आई आहे
हेच मला पुस्तक लिहून झालं तरी माहीत नव्हतं.

माझा काझूम काळ्या कपड्यांत यायचा,
वाकडी तलवार, सुरमा घातलेले डोळे,
वाळवंटातल्या म्हणी तोंडपाठ.
माझ्या जगात वाळवंट नव्हतंच, सगळा समुद्र.
नवव्या प्रकरणात तो नायकासाठी छातीवर बाण घ्यायचा
आणि मरताना फार सुंदर बोलायचा.

तिथं खडूची आडवी रेघ,
कात्री लावायच्या जागी मारतात तशी.

"रागावले नाही मी," आँटी वेलची ठेचत म्हणाली.
"वाईट माणूस केलास तरी चालेल.
माझा दीर इग्साक तिघांचे पैसे बुडवून पळालाय,
पण त्यालाही कंबरदुखी आहे,
आणि लेकीचा फोन आला की तो रडतो.
तू माप घेतलंच नाहीस, पोरी.
दुकानात टांगलेला तयार कोट चढवलास.
खांद्यात आवळतंय बघ. हात वर होत नाही त्याचा."

मी म्हटलं, आँटी, सगळं काल्पनिकच तर आहे,
ड्रॅगन आहेत त्यात.
"हो ना. ड्रॅगनचं अंडं कसं उबवतात
त्यावर चार पानं आहेत. वाचली मी."

दुपारची तोफ झाली. खिडकीचं तावदान थरथरलं.
मग तिनंच विचारलं,
"तुझ्या जगात चंद्र दोन. एक राखी, एक तांबूस.
रोजे कुठल्या चंद्राचे धरायचे?
बेटं तरंगतात, फिरतात. नमाजाला तोंड कुठं करायचं?"
मी गप्प.
ती हसायला लागली, चष्मा काढून हसली.
"आम्ही एका चंद्रावर भांडतो गं!
दोन दिलेस तर माझे दोघे भाऊ दोन दिवशी ईद करतील
आणि मी दोघांकडे जेवीन."

शाबानच्या एकोणतिसाव्या संध्याकाळी
ती मला सी पॉइंटला घेऊन गेली.
थर्मास, सतरंज्या, वाऱ्यात उडणाऱ्या ओढण्या,
बापाच्या खांद्यावर दुर्बीण उलटी धरलेलं पोर.
सूर्य बुडाला. क्षितिजावर ढगांचा जाड पट्टा.
सगळे बघत राहिले.
कुणाला काही दिसलं नाही.

"मग आता?"
"मग काय. परवापासून रोजा."
सतरंजी झटकत ती म्हणाली,
"दिसला नाही तर दिसला नाही म्हणायचं.
इथं मोठमोठे लोक हात हलवत परत जातात.
न बघता बघितलं म्हणणाऱ्याची साक्ष घेत नाहीत."

ती चंद्राबद्दलच बोलत होती.
परतताना बसमध्ये मी बराच वेळ
माझ्या निळ्या अंगठ्याकडे बघत होते.

आता त्याचं नाव लुत्फी आहे. आई लुतू म्हणते.
त्याला बोट लागते, सुकाणूवाला असून,
हे तो कुणाला सांगत नाही.
बहिणीशी तांबड्या चंद्रावरून त्याचा अबोला आहे,
तरी तिनं दिलेली खजूर तो पुरवून पुरवून खातो.
कुठल्या चंद्राचे रोजे, मला अजून ठरवता आलेलं नाही.
त्यांनाही नाही.

नवव्या प्रकरणात बाण येतो, कठड्यात रुततो.
पहाट होतेय. लुत्फी सुकाणू पोऱ्याच्या हातात देतो,
ओल्या बाहीनं फळी पुसतो,
जहाज वळतं तसा थोडा वळून उभा राहतो.

नायकाला घाई आहे.
थांबेल.