समुद्रसपाटीपासून उंची

आमच्या गावात समुद्र एकाच ठिकाणी लिहिलेला आहे:
हॉल्टच्या पिवळ्या पाटीवर, नावाखाली, बारीक अक्षरात.
लाटबोरी. समुद्रसपाटीपासून उंची दोनशे एकवीस मीटर.
गाडी आता तिथे थांबत नाही. पाटीला शेळ्या पाठ खाजवतात.

सरपंचबाई म्हणाल्या, कोतवालबुवा,
सत्तावीस वर्षं दवंडी दिली तुम्ही,
गावाचा इतिहासही तुम्हीच लिहून द्या, वेशीवर फलक लावायचा आहे.
छापील कागद दिला. रकाने होते.
नदी: पैनगंगा.
डोंगर: चुन्याची टेकडी होती, कारखान्याने नेली.
गावाचे नाव कशावरून:

तर लाट म्हणजे घाण्याची लाट.
गुल्हाने तेल्याचा घाणा, जवस आणि मोहाची टोळी गाळणारा,
त्याच्या लाटेचा कुरकुराट म्हणे नदीपलीकडे ऐकू जायचा.
घाण्याच्या जागी आज मोबाइलचा टॉवर आहे.
पाण्याच्या लाटेशी आमचा काही संबंध नाही,
असं मी लिहिलं,
आणि खोडलं.

कारण फरशी.
आमच्याकडे जमीन खणली की फरशी निघते, करडी, निळसर,
चुलीपुढे तीच, न्हाणीत तीच, गोठ्यात तीच.
एखादीवर वळ्या असतात, बोटभर अंतराने,
माणूस फार वेळ विचार करून उठला
की कपाळावर उरतात तशा.
बाया म्हणतात, असल्या दगडावर धुणं चांगलं निघते.

नदीच्या वरच्या अंगाला साहेबाची गोर आहे.
कोणत्या सालची, दप्तरात नोंद नाही.
लाइन टाकायला आला, हिवतापात गेला.
येरेकार मास्तरांनी एकदा कागद ठेवून वर कोळसा घासला:
नाव अर्धंच उठलं, मग एका गावाचं नाव, मग 'समुद्रकाठचे'.
ते गाव मी पुष्कळदा करून पाहिलं आहे.
घरं पाण्याकडे तोंड करून, की पाठ करून?
मासळी वाळवायला त्यांच्याकडे ऊन तरी असेल का?
दोरखंड. धुक्यात घंटा. मिठानं फुगलेली दारं.
एखादी आई, जिला पत्र चार महिन्यांनी पोचलं असेल
आणि तोवर ती रोज जेवत होती.

वडारांची पोशम्मा सांगते, आजेसासऱ्याच्या तोंडचं:
"वळ्यावळ्यायचा दगड निघाला खाणीत.
घण उचलला तं साहेब वरडला, थांब म्हणे.
बूट काढले जी त्यानं. मोजे काढले.
अनवाणी उभा राह्यला त्याच्यावर, भर वैशाखात,
अर्धा घंटा.
आम्हाले वाटलं, उन्हानं डोकं फिरलं."
तोच दगड आता त्याच्यावर आहे.
पोशम्मा पोळ्याला तिथे हळद लावून येते.
कायले, विचारलं तर म्हणते,
"कोणी नाही न त्याले इथं."

माझा नातू घरच्या फरशीला जीभ लावून आला.
खारट नाही आबा, मातीच लागते.
फार वर्षं झाली रे, मी म्हटलं.
किती?
मास्तरांनी आकडा सांगितला होता.
एवढा मोठा आकडा मी दवंडीत कधी पुकारला नाही,
अनुदानाचासुद्धा नाही.

कागद भरून दिला. शेवटी एक रकाना पदरचा वाढवला.
समुद्र: होता. ओसरला आहे.
परत येण्याची तारीख कळविण्यात आलेली नाही.
सरपंचबाई वाचून हसल्या, मग हसायच्या थांबल्या.
शिक्का त्यांनी अजून मारलेला नाही.

आज पहाटे झिरा उकरायला नदीत उतरलो. पात्र कोरडं ठाक.
रात्रीच्या वाऱ्यानं वाळूवर वळ्या पाडल्या होत्या,
बोटभर अंतराने, पार पलीकडच्या काठापर्यंत.
फावडं खाली ठेवलं. चपला काढल्या.
वाळू तापायला अजून वेळ होता.